शेटजी खाली गेले!

मंडळी, जालन्याच्या सरकी बाजारात आजवर पुष्कळ शेट होऊन गेले, पण समुद्र ओलांडून आफ्रिकेला जाणारा मी पहिला! आणि जाणार तर कसा? फर्स्ट क्लासनं! हे मी नव्या जालन्यातल्या एकूण एक पेढीवर जाऊन सांगून आल्तो. ज्यांना ऐकायचं होतं त्यांना एकदा सांगितलं, ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांना दोनदा!

कारण मोठं गोड होतं. आमची लेक बसंती मोंबाशाला दिलेली. तिला मुलगा झाला. आजा-आजी आल्याशिवाय बारसं न्हाई, असं जावयानं कळवलं. झालं! प्रेमबाईनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा भरला आणि मला म्हणाली,

"अहो बसंतीचे बाप, डेकचं तिकीट काढा. सगळे लोक डेकवरनंच जातात म्हणे. चार बायका बोलायला भेटतील."

"बिलकुल न्हाई!" मी गरजलो. "बन्सीलाल शेट सतरंजीवर बसून आफ्रिकेत उतरणार? जावयाला काय तोंड दाखवू?"

फर्स्ट क्लासला सूट लागतो असं कळलं. आमच्या धर्मराज शिंप्याला मी सूट टाकला. निजाम गेल्यापासून त्या बिचाऱ्यानं फक्त पोलिसांचे डगले शिवलेले. त्यामुळं माझ्या कोटाला दोन्ही खांद्यांवर पट्टे आले आणि विजार अशी घट्ट झाली की ती घालून एक तर उभं राहावं, न्हाई तर आडवं पडावं. बसायची सोय न्हाई! टायची गाठ गावात कुणालाच येत न्हवती. मंग बैलाच्या दाव्याला मारतात तीच मारली. बराबर बसली!

जालना स्टेशनावर हसनाबादचा रामकिसन आणि त्याची बायको दुर्गाबाई भेटले. माणूस जुना ओळखीचा, दरसाल त्याची सरकी आमच्याकडं यायची. त्याचा पोरगा भुजंग नैरोबीला रेल्वेत लागल्ता, त्याला भेटायला दोघं निघाले होते. जहाज आमचंच. तिकीट मात्र डेकचं!

मनमाडपर्यंत मी त्याला फर्स्ट क्लास म्हणजे काय ते समजावून सांगत होतो. मी स्वतः तोवर जहाजाचं चित्रसुद्धा धड पाह्यलं न्हवतं, ही गोष्ट वेगळी.

मुंबईच्या धक्क्यावर जहाज बघितलं आणि माझा टाय आपोआप ढिला झाला. हसनाबादचा आख्खा बाजार पोटात घालून वर ढेकर देईल असं धूड! त्याला दोन जिने लावलेले. एक रुंद, कठड्याचा, खाली गालिचा. दुसरा म्हणजे नुसत्या फळ्या, आणि त्यावर ट्रंका, वळकट्या, पोरं, पिंजऱ्यातले पोपट यांची रेटारेटी.

"बरं मंग, रामकिसनभाऊ," मी गालिच्यावर पाय ठेवत म्हणालो, "आता मोंबाशालाच भेट."

"राम राम शेटजी. करमलं न्हाई तर या खाली. तुमचंच हाये."

मी नुसता हसलो. फर्स्ट क्लासचा माणूस खाली कशाला जाईल!

आता वरची हकीगत ऐका. खोली झकास. पलंग गुबगुबीत. पण जहाज हललं आणि प्रेमबाई जी पलंगावर आडवी झाली ती उठेचना. लिंबू चोखायचं, डोळे मिटायचे आणि मला बोल लावायचा, एवढंच काम. जेवायला मी एकटा, विजारीपायी खुर्चीच्या कडेला नुसता टेकलेला. टेबलावर माझ्यापुढं काटे, चमचे, सुऱ्या असा सगळा हत्यारखाना मांडलेला, आणि त्या सगळ्या फौजेनं मारायचं कुणाला? तर एका उकडलेल्या बटाट्याला! मी शाकाहारी आहे म्हणून सांगितलं ना, त्याची ही शिक्षा. मीठ न्हाई, मिरची न्हाई. मी काटा खुपसला, तर बटाटा टुणकन उडाला आणि समोरच्या बॅरिस्टर साहेबांच्या जाकिटावर जाऊन बसला.

"माफ करा, साहेब!"

बॅरिस्टर साहेबांनी बटाट्याकडं पाह्यलं. माझ्या खांद्यांवरच्या पट्ट्यांकडं पाह्यलं. आणि परत सूप प्यायला लागले. तिथं कुणी कुणाशी बोलतच न्हाई हो! नमस्कार केला तर मान अशी हलवतात, जशी काय मानेत उसण भरलीय.

लाडवांच्या डब्याकडं हात नेला तर प्रेमबाई डोळे न उघडता ओरडली, "हात काढा! बाळंतिणीचे हायेत ते!"

"अगं, नवरा उपाशी मरून राह्यलाय!"

"मंग मरा! आग लागो तुमच्या फर्स्ट क्लासला!"

तिसऱ्या दिवशी दुपारी मी वरच्या मजल्यावर कठड्याला टेकून उभा होतो. एकदम खालून वारा आला. आणि त्या वाऱ्यात काय होतं, मंडळी? तव्यावर भाजलेली ज्वारीची भाकरी! आणि खलबत्त्यात ठेचलेल्या मिरचीचा वास! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी जहाजाचा वाढपी उभा होता. मी त्याला म्हणालो,

"अब मेरेसे सहन नहीं होता. बस हो गया. मैं नीचे जाता!"

"यस सर," तो म्हणाला आणि गेला. फर्स्ट क्लासमध्ये काहीही बोला, यस सरच म्हणतात.

मी विचार केला, हा पोलिसी कोट घालून खाली गेलो तर लोक बिचकतील. मंग कोट काढला, टाय काढला, बूट काढले. सगळं नीट घडी घालून कठड्याशी ठेवलं. पलीकडं खलाशांचा लोखंडी जिना होता, त्याचं फाटक उघडंच होतं. उतरलो की खाली!

आणि काय सांगू, खाली जत्रा भरल्ती! ताडपत्रीच्या सावलीत सतरंज्याच सतरंज्या. इकडं कच्छी बायका पापड भाजून राह्यल्या, तिकडं एक सरदारजी पेटी वाजवतोय, पोरं माणसांच्या अंगावरनं पळून राह्यलेली. सैपाकासाठी एका कोपऱ्यात चुली लावून दिलेल्या, आणि त्यातल्या एका चुलीपुढं आमच्या दुर्गाबाई!

"अवो, शेटजी आले!" ती ओरडली. रामकिसननं सतरंजी झटकली. का आलात, कसं आलात, एक शब्द विचारला न्हाई. मी बसायला गेलो आणि धर्मराजची विजार पुढून मागपर्यंत टर्रकन फाटली!

"राहू द्या, शेटजी," रामकिसन म्हणाला, "माझं धोतर नेसा. बंडी बी घ्या."

धोतर नेसलो, मांडी घातली, आणि मंग जेवलो! आमच्या घरात लसूण चालत न्हाई. पण समुद्रावर कुठलं आलंय सोवळं? ठेचा खाल्ला, पिठलं खाल्लं, भाकरी तर किती खाल्ल्या ते दुर्गाबाईलाच ठाऊक, पण ती माउली बोलणार न्हाई. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्या पोटाला वाटलं की आपण जिवंत आहोत. तसाच आडवा झालो आणि घोरायला लागलो.

जागा झालो तो भोंग्यानं! भों! भों! जहाज थांबलेलं. सगळा डेक कठड्याशी धावला. खलाशी होडी खाली सोडून राह्यले. वरचे साहेब लोक दुर्बिणी लावून पाणी न्याहाळत होते.

"काय झालं हो?" मी सरदारजीला विचारलं.

"कोई ऊपरवाला सेठ समंदर में कूद गया."

"अरेरे!" मला फार वाईट वाटलं. "कुणाचा कोण बिचारा! बायकापोरं असतील!"

मीही टाचा उंचावून पाण्यात शोधायला लागलो. एक लाट जरा काळी दिसली तर "वो देखो, वो देखो!" म्हणून मीच ओरडलो. होडी तिकडं वळलीसुद्धा! तेवढ्यात वरून वाढप्याचा आवाज आला. तो कप्तानाला सांगत होता,

"साब, तीन दिन से सेठ ने कुछ खाया नहीं. मेरे को बोला, अब सहन नहीं होता, बस हो गया, मैं नीचे जाता. फिर देखा तो कोट और बूट इधर पड़ा है!"

अरे देवा! तो बिचारा म्हणजे मीच की!

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच ओरडायचं होतं. ओरडणारच होतो! पण तेवढ्यात वर कठड्याशी प्रेमबाई आली, दोन मडमांनी धरलेली, आणि तिनं गळा काढला,

"असा माणूस मिळायचा न्हाई हो! देवमाणूस होता! तीस वर्षांत मला उलट शब्द बोलला न्हाई! मीच मेली त्याला मरा म्हणले!"

मंडळी, खरं सांगतो, तीस वर्षांत माझ्याबद्दल असं कुणी बोललं न्हवतं. मी तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. म्हणलं, आणखी एक वाक्य ऐकू.

"काय त्याचं रूप! काय त्याची बुद्धी!"

आणखी एक, फक्त एक.

"आता मी त्याला कधी म्हणजे कधी बोलणार न्हाई! लाडवाचा आख्खा डबा त्याला देते, पण त्याला परत आणा हो!"

बस, आता ओरडावं, असं ठरवलं. तेवढ्यात माझ्या मागून दुर्गाबाईचा खणखणीत आवाज निघाला, "अवो प्रेमबाई! कोनासाठी रडून राह्यल्या? हे काय तुमचं मानूस! मिशीला ठेचा लावून उभं हाये!"

सगळं जहाज माझ्याकडं वळलं. कप्तानानं वरून मला पाह्यलं. दुसऱ्याचं धोतर, आखूड बंडी, अनवाणी पाय.

"नो, नो," तो म्हणाला. त्याचं पुढचं इंग्रजी बॅरिस्टर साहेबांनी वरून आम्हाला सांगितलं. "कप्तान म्हणतो, हा डेकचा प्रवासी आहे. हरवलेला माणूस फर्स्ट क्लासचा आहे. शोध चालू ठेवा!"

"अहो साहेब, मीच तो!" मी हात जोडले. "बटाटेवाला!"

बॅरिस्टर साहेबांनी डोळे बारीक केले, पण ओळख काही पटेना. धोतरात मी कुणालाच ओळखू येईना! शेवटी प्रेमबाईनं कठड्यावरून वाकून पाह्यलं. रडणं थांबलं. पदर खोचला गेला. आणि जो आवाज मी तीस वर्षं ओळखतो तो आला,

"लाज न्हाई वाटत? मी इथं कुंकू पुसायला निघाले आन् तुम्ही तिथं लसूण खाऊन झोपा काढून राह्यले! मूर्ख माणूस!"

कप्तानाची खात्री पटली. म्हणाला, "ही बाई नक्की याची बायको आहे!" आणि भोंगा वाजला, जहाज निघालं, डेकवर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. सरदारजीनं तर पेटीवर लग्नातली धून लावली!

मला वर नेलं आणि कप्तानानं हुकूम सोडला: या शेटजीनं मोंबासा येईस्तोवर खाली पाऊल ठेवायचं न्हाई! फाटकाला कुलूप पडलं. प्रेमबाईला मात्र मुभा. तिनं रडून-भांडून एवढी ताकद खर्च केल्ती की तिची मळमळच बंद झाली. तिनं वळकटी उचलली.

"कुठं निघालीस?"

"खाली. दुर्गाबाईपाशी. तुम्ही बसा तुमच्या फर्स्ट क्लासात."

आता बघा गंमत! खाली माझी बायको हसून राह्यली, भाकऱ्या थापून राह्यली, आणि मी वर बटाट्याचा पाठलाग करून राह्यलो. पण जालन्याचा व्यापारी हार मानतो का? दुसऱ्या दिवशी दुपारी मी रामकिसनचं धोतर कठड्यावरून खाली सोडलं. प्रेमबाईनं वर पाह्यलं, तोंड वाकडं केलं, पण धोतराच्या टोकाला गाठोडं बांधलं. भाकरी, ठेचा, कांदा! ओढलं वर!

दोन घास खाल्ले असतील, मागं कुणीतरी खाकरलं. बॅरिस्टर साहेब!

"काय ते?" त्यांनी विचारलं. चार दिवसांत ते आपणहून माझ्याशी पहिल्यांदाच बोलले.

"ठेचा, साहेब."

त्यांनी इकडंतिकडं पाह्यलं आणि हळूच म्हणाले, "माझी आई करायची. आमचं मूळ गाव परतूरकडचं. जरा... मिळेल का?"

घ्या! मराठवाड्याचा माणूस, आणि इतके दिवस मान आखडून सूप पीत बसला! ठेच्याचा पहिला घास खाल्ला आणि साहेब नाकातून, डोळ्यांतून वाहायला लागले. पण हसत होते! मंग काय, रोज दुपारी आमचं धोतर खाली जायचं. एका मडमेनंही चव घेतली. ती उड्या मारत पाण्याच्या भांड्याकडं पळाली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन हजर! खालून दुर्गाबाई ओरडायची, "शेटजी, आज कितीजण हायेत वर?" आणि बॅरिस्टर साहेब स्वतः बोटं दाखवायचे.

मोंबासा आलं. जावई आला, नातू मांडीवर घेतला, बारसं दणक्यात झालं. भुजंग आईबापाला न्यायला आल्ता, त्या सगळ्यांना आम्ही बारशापर्यंत सोडलंच न्हाई. महिनाभर राह्यलो. परत निघायची वेळ आली तेव्हा मी प्रेमबाईला घेऊन ऐटीत तिकीट ऑफिसात गेलो आणि टेबलावर थाप मारली.

"दोन तिकिटं! डेकची! आम्ही डेकशिवाय जात नसतो!"

कारकुनानं मान हलवली. "डेक भरला, शेटजी. एक जागा न्हाई. फर्स्ट क्लास मात्र पायजे तेवढा रिकामा हाये."

प्रेमबाईनं पदर खोचला आणि माझ्याकडं पाह्यलं. आणि मंडळी, त्या नजरेपुढं तो उकडलेला बटाटासुद्धा मला गोड वाटायला लागला हो!