उघडतं आपोआप, लावायचं हातानं

ओव्हाळ मिस्त्रींच्या फाटकाला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. पोस्टमन असो, तहसीलचा शिपाई असो नाहीतर मी असो, हात पुढं गेला रे गेला की आतून आवाज येई, "हात लावायचं काम न्हाय! फळीवर पाय ठिवा!"

फळीवर पाय ठेवायचा. फळी खाली बसायची, कुठंतरी खट्ट वाजायचं, जमिनीच्या पोटात काहीतरी धाडकन आदळायचं आणि ते अवजड लोखंडी फाटक रुळावरून असं किंचाळत बाजूला सरकायचं की भूमच्या बाजारातली बैलं बुजावीत. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लावून. माझ्या दुपारच्या झोपेचं त्या काळात जे मातेरं झालं त्याचा दोष मी दुष्काळाला देत नाही, त्या फाटकाला देतो.

साल बहात्तर-त्र्याहत्तरचं. मी दूध सोसायटीचा सेक्रेटरी, मिस्त्री पाणीपुरवठ्याच्या पंपावर. गाईम्हशी छावणीत गेलेल्या, त्यामुळं सोसायटीत दूध नव्हतं. विहिरी आटलेल्या, त्यामुळं पंपाला पाणी नव्हतं. गावातले टवाळ म्हणत, देवानं दोघांना एकदमच रिकामं बसवलं ते बरं केलं, नाहीतर शेजारी शेजारी राहून यांनी आपल्याला काय पाजलं असतं कोण जाणे! मी आपला ऑफिसात बसून माशा मारी. मिस्त्रींना ती कला नव्हती. घरात माणूस एकटा, बायको वारलेली, मुलगी लातूरला दिलेली. हाताला काम नसलं की त्यांचा जीव घाबरा होई.

फाटक त्यांनी बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारातून आणलं होतं. मोटार आत जाईल एवढं रुंद, आणि मिस्त्रींकडं सायकल. कुणी हसलं तर ते शांतपणे सांगत, "सायकल आडवी बी नेता येती."

अंगणात आडासाठी खणलेला खड्डा होता. त्याला पाणी काही लागलं नाही. "खड्डा हाय तर वापरायचा," म्हणून त्यांनी त्यात डांबराचं रिकामं पिंप दोरखंडानं टांगलं. वजनासाठी पिंपात पाणी भरायचा त्यांचा बेत होता! पाणीपुरवठ्याच्या माणसाला हे सुचावं, आणि तेही त्या वर्षी. शेवटी दगड भरले. दगडांना काही तोटा नव्हता, अख्खा तालुका खडी फोडायला बसला होता. दोरखंड मोटेच्या जुन्या चाकावरून फाटकाला जोडला. फळी दबली की जीपच्या क्लचची जुनी तार ओढली जाई, खटका निघे, पिंप खड्ड्यात उतरे आणि फाटक उघडे. यातलं विकत आणलेलं काहीच नव्हतं. वंगणसुद्धा नसावं, नाहीतर ते एवढं किंचाळलं नसतं.

आता लावायचं कसं? तिथं मात्र मिस्त्रींची अक्कल दमली होती. रहाटाचा दांडा गरागरा फिरवून ते दगडांचं पिंप पुन्हा वर ओढावं लागे, मग फाटक उतारानं माघारी येई. प्रत्येक पाहुण्यामागं एकदा हा घाम.

"अहो मिस्त्री, हे कसलं आपोआप? लावायचं तर हातानंच!"

"सायब, लावायला काय, कुणीबी लावतंय. उघडायचंच अवघड असतंय."

मला वाटलं, यंत्राबद्दल बोलतायत.

खरा वैताग शेळ्यांचा होता. फळी इतकी हलकी ठेवलेली की शेळीनं पाय टाकला तरी फाटक सताड उघडं. शेळ्या आत येत, तिथून भिंतीवरून माझ्या ओसरीत. त्यांनी माझी दोन बनियनं खाल्ली आणि दूधवाढीबद्दलचं एक सरकारी परिपत्रक खाल्लं. परिपत्रकाचं मला काही वाटलं नाही. पण बनियनं गेल्यावर मी तरातरा गेलो.

"मिस्त्री, त्या फळीखाली जरा जड स्प्रिंग घाला. माणसाच्या वजनालाच उघडू द्या."

"न्हाय जमायचं."

"का?"

ते दांडा फिरवत होते. पिंप वर आल्यावर खटका अडकवला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "जयंतीला आई यायची हाय. आमची आई शेळीएवढीच हाय."

म्हातारीला मी ओळखत होतो. परांड्याकडच्या खेड्यात एकटी राही, लेकाकडं यायला तयार नसे. मागं दसऱ्याला आली तेव्हा भर उन्हात फाटकाबाहेर उभी राहून हाका मारत होती. मिस्त्री कामावर होते. कडी नुसती अडकवलेली होती. मला वाटलं, फाटक जड म्हणून लोटवत नसेल.

"जड न्हाय, सायब," मिस्त्री म्हणाले. "तिनं जल्मात कुणाचं फाटक लोटलं न्हाय. आमच्या गावात मोठ्यांच्या दाराला हात लावायचा न्हाय, लांब उभं ऱ्हायचं, हाक मारायची. कुणी आलं तर आलं. म्या बी तिच्यासंगं उभा ऱ्हायलोय. आता माज्याच घराम्होरं उभी ऱ्हाती. म्हणलं, आये, तुजं घर हाय, लोट की. तर म्हनती, न्हाय बाबा, थोराचं फाटक दिसतंय." ते हसले, पण ते हसू काही जमलं नाही. "मग म्हणलं, हातच लावायचा न्हाय ना? नगं लावूस."

मी घरी आलो आणि उरलेली बनियनं आत वाळत घातली.

तेरा एप्रिलला, जयंतीच्या आदल्या दिवशी, दुपारच्या एसटीनं म्हातारी आली. डोक्यावर गठुडं. फाटकासमोर आली आणि नेमकी फळीवरच उभी राहिली. मी भिंतीशी उभा राहून बघत होतो.

फळी हलली नाही. सहा महिने खडी फोडून म्हातारीत शेळीएवढंही वजन उरलं नव्हतं.

"बाबू, हायस का रं घरात?"

मिस्त्री दारात येऊन उभे होते. चार पावलं पुढं होऊन फाटक ओढलं असतं की झालं असतं. ते हलले नाहीत. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"आये," ते एकदम ओरडले, "पाय आपट!"

"आं?"

"फळीवर पाय आपट. जोरात!"

"लोकाच्या दारात पाय आपटू व्हय? येडा झालास का काय?"

"लोकाचं न्हाय गं! आपट!"

तिनं इकडंतिकडं बघितलं. मी दिसलो. "आपटा, मावशी," मी म्हणालो. मला दुसरं काही सुचलंच नाही.

तिनं पाय आपटला, चोरून आपटावा तसा. काही झालं नाही. मग कुणाचा राग आला कोण जाणे, दात आवळून तिनं असा दणका दिला की डोक्यावरचं गठुडं हललं. खट्ट झालं. पिंप आदळलं. फाटक किंचाळत सरकत गेलं ते पार शेवटपर्यंत.

म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

"म्या उघडलं?"

"तूच की!"

ती आत येईल म्हणून मिस्त्री पुढं झाले. ती एक पाऊल मागं सरली.

"लाव," ती म्हणाली.

"आं?"

"लाव रं. पुन्यांदा उघडती."

मिस्त्री रहाटाला भिडले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तेव्हा तसेच दांडा फिरवत राहिले. पिंप वर आलं, फाटक हळूहळू माघारी येऊन लागलं. म्हातारीनं गठुडं उतरवून बाजूला ठेवलं, लुगडं वर खोचलं आणि पाय उचलला.