हुसेनिगचं विरजण

विरजण संपलंय हे मिसाकला कळलं तेव्हा विरजणाचं भांडं स्वच्छ घासून ओट्यावर पालथं पडलेलं होतं. घासलं होतं त्यानेच. तेही आदल्या संध्याकाळी, शीळ वाजवत.

मंगळवारची सकाळ होती. दूध तापवून झालं होतं. बायकोने, येवकिनेने, शिकवल्याप्रमाणे त्याने करंगळी बुडवून पाहिली. चटका बसला, पण बोट ओढून घ्यावं असा नाही. म्हणजे वेळ झाली. चमचा घेऊन त्याने फ्रीज उघडला. आत एक लिंबू, अर्धा कांदा आणि चीजचा तुकडा होता. त्याने फ्रीज बंद केला आणि पुन्हा उघडला. लिंबू होतं तिथेच होतं.

मिसाक खुर्चीत बसला.

सगळं त्याच्या फुशारकीमुळे झालं होतं. काल संध्याकाळी चर्चचे धर्मगुरू देर हायर घेवोन्त जेवायला आले होते. मिसाकने छाती काढून सांगितलं, "देर हायर, बाईमाणूस गेलं की घर बसतं म्हणतात ना? बघा माझं घर. येवकिनेने ठेवलं तसं आहे. पडद्याची चुणी बदललेली नाही. दहीसुद्धा तेच." आणि वाटीभर दही पुढे ठेवलं.

देर हायरांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, "अगदी येवकिनेच्या हातचं."

एवढ्या एका वाक्यावर मिसाक विरघळला. त्याने दुसरी वाटी वाढली. मग तिसरी. पाहुण्याला पुरे म्हणायची रीत त्याच्या घरात नव्हती आणि देर हायरांना नको म्हणायची सवय नव्हती. शेवटी देर हायरांनी भांडंच पुढे ओढलं आणि पावाच्या तुकड्याने ते असं पुसलं की घासायचं कामच उरू नये. मिसाकने येवकिनेच्या कपाटातून एक घडी घातलेला पांढरा रुमाल आणून दिला.

"स्टार्च जरा जास्त झालाय," असं म्हणत देर हायरांनी मिशा पुसल्या.

तेव्हा कुणाच्या लक्षात येणार की फ्रेस्नोतल्या एका स्वयंपाकघरात हुसेनिग गावाचा शेवटचा चमचा धर्मगुरूच्या पोटात गेला.

कारण ते विरजण साधंसुधं नव्हतं. येवकिनेच्या आईला ते गाव सोडावं लागलं तेव्हा घर राहिलं, शेत राहिलं, माणसं राहिली. विरजण तेवढं तिने आणलं. अलेप्पोत त्याचं दही लागलं, मार्सेयला लागलं, मग इथे द्राक्षांच्या मळ्यात लागलं. आई गेल्यावर ते येवकिनेकडे आलं. मिसाकला गावाचं तसं काही नव्हतं, तो अनाथाश्रमात वाढलेला. त्याचं गणित वेगळं होतं. आजच्या दह्यात कालचं होतं, कालच्यात परवाचं. असं मागे मागे गेलं की वसंतात येवकिनेने स्वतः लावलेलं दही यायचं. ती गेली तरी रोज सकाळी झाकण काढलं की तिने आत्ताच लावून ठेवलंय असं वाटायचं. आता भांडं पालथं होतं.

पण रडायला सवड नव्हती. शुक्रवारी सिरवार्त येणार होती.

सिरवार्त म्हणजे येवकिनेची थोरली बहीण. राहायची लॉस एंजेलिसला, पण धाक फ्रेस्नोपर्यंत पुरायचा. तिच्या घरातलं विरजण एकदा तिच्या सुनेने, बेट्टीने, नासकं दूध समजून मोरीत ओतलं. सिरवार्त वर्षभर बेट्टीशी बोलली नाही. बोलली ती पहिल्यांदा नाताळात, आणि म्हणाली, "मीठ दे." बेट्टीने ते मीठ रडत रडत दिलं. तिला निदान नासलेलं वाटलं म्हणून तिने ओतलं होतं. मिसाकने मागे लागून खाऊ घातलं होतं.

आता सिरवार्तच्या नातीचं लग्न होतं. तिचं नाव पणजीवरून खातून, हाक मारायची कॅथी. नवरा मुलगा आपल्यातला नव्हता. कॅथीला आपली भाषा येत नव्हती. पण तिने आपणहून आजीकडे एकच वस्तू मागितली होती, पणजीचं विरजण, बरणीत. तेच न्यायला सिरवार्त येणार होती.

मिसाकने विचार केला. येवकिनेने अर्ध्या गल्लीला विरजण दिलं होतं. कुणाकडूनही चमचाभर आणलं की झालं. फक्त का हवंय ते कुणाला कळता कामा नये, कारण या गल्लीत शिंकलं तरी लॉस एंजेलिसहून खुशाली विचारणारा फोन यायचा.

त्याने बागेतली भेंडी पिशवीत भरली आणि शेजारच्या मान्निगच्या मागच्या दाराशी गेला. मान्निग विधवा होती, बोलकी होती, आणि त्याला मिसाकभाऊ म्हणायची.

"ये मिसाकभाऊ. भेंडी कशाला आणलीस?"

"अशीच." त्याने आवाज खाली आणला. "मान्निग, तुझं दही जरा चाखवतेस?"

"माझं? का?"

कारण मिसाकने ठरवलंच नव्हतं. जे तोंडाला आलं ते तो बोलून बसला. "एकट्याला घरचं गोड लागत नाही."

मान्निगने त्याच्याकडे पाहिलं. मग भेंडीकडे पाहिलं. मग आत गेली, आणि दही घेऊन आली तेव्हा तिने एप्रन काढलेला होता.

मिसाकने चमचा तोंडात घातला. मऊ, गुळमुळीत, नावालाही आंबट नाही. "हे येवकिनेचं नाही."

मान्निगने खिडकी लावून घेतली. "कुणाला सांगू नकोस. माझं विरजण कधीच गेलं. हे दुकानातलं आहे. डबा फेकते आणि वाडग्यात काढून ठेवते."

"मग येवकिनेकडून परत का नाही आणलंस?"

"आणि तिच्या बहिणीला कळलं असतं म्हणजे? बेट्टीचं काय झालं माहीत आहे ना? तुला अस्सल दही हवं असेल तर ह्रिप्सिमेकडे आहे." मग दारापर्यंत सोडायला येत ती म्हणाली, "पुन्हा ये, मिसाक."

हाकेतला भाऊ गळलेला मिसाकच्या लक्षात आला, पण कोपऱ्यावर पोचल्यावर.

ह्रिप्सिमेही विधवा होती. तो दारात उभा राहिला तेव्हा ती फोन ठेवत होती आणि मान्निगसारखीच त्याच्याकडे पाहत होती. तिने त्याला बसवलं, ताटभर द्राक्षपानांचे डोलमे वाढले, गळणारा नळ दाखवला, आणि दही मागायला त्याने तोंड उघडायच्या आत नवऱ्याची हॅट आणून त्याच्या डोक्यावर ठेवली.

"बघ, बसते की. उगाच पडून होती कपाटात."

"ह्रिप्सिमे, मी दह्यासाठी आलोय."

"हो हो, मान्निगलाही तेच सांगितलंस." ती हसली. "दही काय, मी येरेत्सगिनकडून आणते. माझ्या हातचं कधी धड लागतच नाही."

येरेत्सगिन म्हणजे देर हायरांची बायको. मिसाक हॅटसकट तिथून निघाला. उन्हात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मनुकांसाठी द्राक्षं वाळत घातली होती आणि आपणही त्यांच्यासारखेच आकसतोय असं त्याला वाटत होतं.

येरेत्सगिन भली बाई होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, मी तर येवकिनेकडूनच न्यायची. दर सणाला. माझं संपलं की तिचं, ह्रिप्सिमेचं संपलं की माझं. आमचं परवाच संपलं. वाटी घेऊन तुमच्याकडेच यायला निघाले होते." तिने वाटी दाखवली. "हे म्हणाले, काल मिसाककडे पोटभर दही खाल्लं."

"पोटभर नाही," मिसाक म्हणाला. "सगळं."

येरेत्सगिन वाटी मांडीवर घेऊन हळूच खाली बसली. अख्ख्या गावाने येवकिनेच्या एका भांड्यावर संसार केला होता आणि प्रत्येकीला वाटत होतं, दुसरीकडे आहेच.

तो घरी पोचला तेव्हा फोन वाजत होता.

"मिसाक," सिरवार्त म्हणाली. "मी उद्या सकाळच्या बसने येतेय."

"ताई, तुम्ही शुक्रवारी येणार होतात ना?"

"एका दिवसात तीन बायकांची स्वयंपाकघरं? त्यातली एक धर्मगुरूची बायको?" फोन बंद झाला.

मिसाकने रिसीव्हर जागेवर ठेवला. मग त्याला एक वाट दिसली. सिरवार्तला त्याच्या लग्नाचा संशय आला होता. येऊ दे की. रागाच्या भरात ती विरजण मागायचं विसरली तर? या वयात बायकांच्या मागे लागलेला ठरणं परवडलं. बदनामीने माणूस मरत नाही. सिरवार्तच्या बाबतीत त्याला तशी खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी सिरवार्त आली. काळा ड्रेस, काळी पर्स, आणि पर्समध्ये जाडजूड पंच्यात गुंडाळलेली रिकामी बरणी. ती बसलीच नाही.

"कोण ती?"

"आहे एक," मिसाक खाली मान घालून म्हणाला.

"नाव?"

"अजून ठरलं नाही."

तेवढ्यात मागचं दार ढकलून मान्निग आत आली. हातात झाकलेला वाडगा, चेहऱ्याला पावडर. "मिसाक, तुला एकट्याला जेवण गोड लागत नाही म्हणालास ना, म्हणून मी..." आणि तिला सिरवार्त दिसली. तिने वाडगा पटकन ओट्यावर ठेवला.

"सिरवार्त, देवाशपथ, माझा काही संबंध नाही. हाच आला होता दही मागायला."

"दही?" सिरवार्त सावकाश वळली. "हा? माझ्या बहिणीच्या घरात राहून दुसऱ्याच्या दारात दही मागायला?"

सिरवार्त फ्रीजपाशी गेली. लिंबू, अर्धा कांदा, चीज. तिने फ्रीज इतक्या हळू लावला की आवाजच झाला नाही. त्यापेक्षा तिने तो आपटला असता तर बरं झालं असतं.

"खाल्लं गेलं, ताई," मिसाक म्हणाला. "मीच वाढलं. देर हायर म्हणाले, अगदी तिच्या हातचं लागतंय. मला थांबताच आलं नाही."

आता वादळ येणार म्हणून मान्निगने डोळे मिटून घेतले. काहीच आलं नाही. सिरवार्तने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा बसली. पर्स मांडीवर, पर्समध्ये बरणी.

"मी गालिचा देत होते," ती म्हणाली. "नको म्हणाली. चांदीचे चमचेही नको म्हणाली. तिला साधं 'कशी आहेस' विचारलेलं कळत नाही आपल्या भाषेत. बरणी तेवढी मागितली रे पोरीने. तिला मी काय सांगू? पाद्र्याने खाल्लं?"

बाहेर कुणाचा तरी ट्रक गेला. मग सिरवार्तने मान वर केली.

"येवकिनेच्या कपाटातला रुमाल कुठाय?"

"कुठला?"

"आईची रीत. तिने इथवर आणलं ते बरणीत नाही. फडकं दह्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं, घडी करून ठेवायचं. काही झालं तर कोमट दुधात बुडवायचं. येवकिने दर वसंतात करायची."

मिसाकचा चेहरा त्या रुमालाइतका पांढरा झाला. "कडक होता? स्टार्च जास्त झाल्यासारखा?"

"तोच. कुठाय?"

"देर हायरांनी त्याला मिशा पुसल्या."

मान्निगने छातीवर क्रूस काढला. सिरवार्त उभी राहिली. "आणि तू तो धुतलास?"

येवकिने गेल्यापासून मिसाकने घरातली प्रत्येक गोष्ट वेळच्या वेळी केली होती, एक सोडून. कपडे धुण्याचा त्याला मनस्वी कंटाळा होता. देवाने आपल्याला आळशी केलं याबद्दल त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्याचे आभार मानले आणि धुण्याच्या टोपलीकडे धावला. मागोमाग सिरवार्त, तिच्यामागे मान्निग. मोजे निघाले, बनियन निघाले, बागकामाची विजार निघाली. तळाशी, चर्चच्या शर्टाखाली, रुमाल होता. चुरगळलेला, पण कोरडा.

सिरवार्तने तो ओट्यावर पसरला आणि वाकून वास घेतला. कडकडीत कापडावर पांढरट पापुद्रा होता. एका कोपऱ्यात मात्र परवाच्या दह्याचा ताजा डाग वाळला होता. त्यात एक करडा केस होता.

"या कोपऱ्यात मिशी," ती म्हणाली, "बाकीच्यात आई. दही लागलं तर ते कुठल्या कोपऱ्यातून लागलं, हे नवरीला कुणीही सांगायचं नाही. मान्निग, तुला म्हणतेय."

"मी कशाला बोलते, ताई." मान्निग वाडगा उचलून निघाली. दारात थांबली. "येते मी, मिसाकभाऊ."

मिसाकने केस चिमटीत धरून काढून टाकला. मग दूध तापवलं. करंगळी बुडवली. बरोबर होतं.

"घ्या ताई, तुम्ही लावा."

"मी नाही."

"तुमच्या आईचं आहे."

"म्हणूनच. माझ्या हातून बिघडलं तर ओरडायला कोण उरेल?" तिने बूट काढले. "येवकिनेने ते तुझ्या हाती दिलंय. तू लाव. मी जरा आडवी होते. माझी बस उद्या आहे."

ती आत गेली. मिसाकने रुमाल उचलला आणि दुधावर धरला. येवकिनेने तो वसंतात भिजवला होता, तेव्हा ती भिंतीला धरून चालायची. त्यातलं काही जिवंत आहे की नाही हे बुडवल्यावर कळणार होतं, आणि जोवर तो बुडवला नव्हता तोवर काहीही बिघडलेलं नव्हतं. दूध निवलं. त्याने ते परत तापवलं. परत निवलं. आतून सिरवार्तने विचारलं, "लावलंस का रे?" तो म्हणाला, "आत्ता लावतोय."

दुपार कलली तेव्हा त्याने तिसऱ्यांदा गॅस पेटवला. ओट्यावर सिरवार्तची बरणी झाकण काढून ठेवलेली होती. रुमाल अजून दुधात घालायचा राहिला होता.