उपासाला चालणारं प्रोटीन

नायगाव तालुक्यातल्या एका दारू कारखान्याच्या सांडपाण्यात शिसं निघालं. कारखान्यानं त्या काळ्या पाण्यावर यीस्ट वाढवलं. यीस्टनं शिसं शोषून घेतलं, पाणी स्वच्छ झालं, प्रदूषण खातं खूश झालं. शोषलेलं शिसं गेलं कुठं, हा विषय त्या खात्याच्या अखत्यारीत येत नव्हता. यीस्ट वाळवून त्याची पौष्टिक भुकटी झाली आणि भुकटीचे लाडू पोषण आहार म्हणून गावच्या शाळेत आले.

नियम असा, की मुख्याध्यापकांनी चव घेतल्याशिवाय मुलांना वाढायचं नाही. मुख्याध्यापक बालाजी सरांना त्या लाडवाची सगळी कुळकथा ठाऊक होती, आणि त्यांची मुलगी वर्षाराणी त्याच शाळेत तिसरीला होती. सोमवारी लाडू समोर आला तेव्हा सर म्हणाले, महादेवाचा उपास आहे. मंगळवारी माहूरच्या रेणुकेचा निघाला. बुधवारी कुठला देव सापडेना, तेव्हा जुना नवस आठवला. पोरं घरची भाकरी खात होती, लाडू पोत्यात होते आणि रोजच्या उपासांनी सैल झालेली सरांची पँट पट्ट्याला जुमानत नव्हती. गावात मात्र सरांच्या भक्तीचा बोलबाला झाला. बायाबापड्या वाटेत पाया पडू लागल्या.

विस्तार अधिकारी अमरेश चौकशीला आले. अडचण लाडवाची नसून धर्माची आहे, असा अहवाल त्यांनी वर पाठवला. कारखान्यानं लगोलग तज्ज्ञांची समिती बसवली. यीस्ट धान्य नाही, कडधान्य नाही, मांस तर नाहीच. सबब उपासाला चालतं, असा निर्वाळा मिळाला.

"आता तर महादेवालाबी चालतंय, सर," अमरेश लाडू पुढं धरून म्हणाले. "न्हाईतर तिकडं लांब जंगलात, इस्लापूरकडं, लई जागा रिकाम्या हायेत."

"साहेब, तुमी घ्या की आधी."

"हितली चव हितल्याच मानसानं घ्यावी. माझी लेकरं लातूरला शिकून राहिलीत."

सरांनी चिमूटभर लाडू जिभेवर ठेवला. लाज वाटली, पण बदलीची भीती लाजेहून मोठी होती. चव घेतल्याची सही झाली, पंगत बसली. वर्षाराणी तेवढी बाजूला बसून डब्यातली साबुदाण्याची खिचडी खात होती.

"तिचा उपास हाय," कुणी विचारलं नसताना सर म्हणाले.

पंगतीतल्या सत्यमनं हात वर केला. "सर, माझा उपास कोनत्या वारी असतो?"

लाडू गार होण्यासारखा नव्हता, तरी सर म्हणाले, "जेव बाबा, गार होतंय."

वाचकहो, जिवाला लावून घेऊ नका. आपली लेकरं त्या शाळेत नाहीत, हे आठवून तुम्हाला हायसं वाटलंच असेल. सरांनाही खिचडीच्या डब्याकडं बघून तेवढंच वाटलं होतं.