शालिकभाऊंचं राष्ट्रीय चलचित्र भांडार

शालिकभाऊंच्या दारात चपला काढायच्या आणि 'डिलीट' हा शब्दही तिथंच ठेवून आत जायचं. मोबाइलमधले जुने फोटो डिलीट करतो, असं एकदा त्यांचा जावई जेवताना बोलून गेला. भाऊंनी त्याच्यापुढचं ताट उचललं होतं.

भाऊ आमचे शेजारी. एकेकाळी कोंढा-आसगावच्या पट्ट्यात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे. मागं तापलेला हॅलोजनचा दिवा धरून त्यांची बायको, आमच्या काशीवहिनी, उभ्या. शूटिंग मात्र अफलातून! नवरी हार घालायला हात उचलणार, तोच कॅमेरा निघाला विहिरीकडे. मग चावडी, बोडीचं तळं, कुणाची तरी म्हैस. परत येईस्तोवर पंगत उठलेली असायची.

वरबाप भांडायला यायचा, "आमचा पोरगा कुठी हाय यात?"

"पोरगा तुमच्या घरीच हाय जी," भाऊ म्हणायचे, "विहीर राहनार नाही."

आणि विहीर खरंच राहिली नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं, आम्ही पुनर्वसनातल्या एकसारख्या घरांत आलो. वहिनी इथं आल्यावर लवकरच वारल्या. शूटिंगवरून भाऊंना शिव्या घालणारेच आता त्यांच्याकडे येऊन म्हशीसकट सगळी कॅसेट पाहतात आणि डोळे पुसत घरी जातात.

कॅसेटी ठेवल्यात धान साठवायच्या रिकाम्या ढोलीत आणि घराच्या दारावर पाटी, 'राष्ट्रीय चलचित्र भांडार'. मी एकदा चिडवलं, "भाऊ, राष्ट्रीय कायले? तालुका लिहा ना."

"धरन राष्ट्राचं म्हनते ना सारे? मंग त्यात बुडालेलं गाव एकट्या आपलं काहून?"

पाटी जराशी तिरकी होती; मी ती सरळ करून दिली.

मग तालुक्याच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष गाडी घेऊन आले. एसीची खोली देऊ म्हणाले, संस्थेचं नाव देऊ म्हणाले. "सगळं पेनड्राइव्हवर घेऊ. तेवढा रिकामा भाग कापून टाकू. नुसत्या भिंती, हलणारा उजेड, मागची बडबड..."

"कापाचं नाही."

"अहो, पण ते पाहणार कोण?"

"तुमचं भाषन कोन पाहते? ते कापता काय?"

अध्यक्ष चहा न पिता गेले. भाऊंनी तो चहा स्वतः प्यायला. वाया घालवणं त्यांच्या रक्तात नाही.

त्यानंतर म्हातारा इरेला पेटला. कुणाच्या संस्थेच्या पोटात शिरायचं नाही, आपली वेगळी सार्वजनिक संस्था काढायची! भंडाऱ्याला खेटे घालून न्यास नोंदवला, समाजमंदिराची खोली मिळवली, आणि मला न विचारता सचिव करून टाकलं. भिंतीवर कुण्या पुढाऱ्याचा फोटो नाही. कुणीही यावं, पाहावं. नियम एकच, कापाचं नाही. मला मात्र एसीची हळहळ वाटत होती. चार भिंती कापल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. वाटलं, आता चावडी दिसेल, देऊळ दिसेल. भाऊंनी कॅसेट लावली, तर पडद्यावर मातीची कोरी भिंत. तिच्यावर उजेड थरथरत होता. बाया कुजबुजल्या, "हे काय जी?"

तेवढ्यात पडद्यामागून आल्यासारखा एका बाईचा आवाज आला, "अजी, हात दुखून राहिला ना. किती वेळ धरू?"

आणि तरुण शालिकभाऊंचा आवाज, "धर ना वं जरासा."

काशीवहिनी! गावातली एकूणएक बाई त्या कॅसेटींत आहे, फक्त वहिनी कुठंच दिसत नाहीत. दिवा धरणारी बाई चित्रात येणार कशी? अध्यक्षांना जो कापायचा होता, तो रिकामा भाग हाच होता.

भाऊ पहिल्या रांगेत बसले होते. थरथरत्या उजेडाकडे पाहत ते हळूच म्हणाले, "झालं वं आता. ठेव खाली."