नावेवरील वाढ: निरंक

जी गोष्ट मुळात होतच नाही ती होऊ न देणं, हे राज्यकारभारातलं सर्वांत जबाबदारीचं काम आहे. ते पूर्ण झालं असं कुणाला म्हणता येत नाही आणि बंद करा असं म्हणायला कुणी धजत नाही. म्हणून असं काम नेहमी सज्जन माणसाकडे सोपवतात. १९४३ साली जबलपुरात असा सज्जन एकच मोकळा सापडला, तो म्हणजे नीलकंठराव पांढरीपांडे.

नीलकंठराव लढाईसाठी लाकडी खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात कारकून होते. (कारखान्याचं नाव घ्यायला युद्धकाळात बंदी होती. ती उठल्याचं पत्र आमच्यापर्यंत आलेलं नाही.) त्या एप्रिलमध्ये मालगाडीच्या उघड्या डब्यातून एक शिडाची नाव कारखान्याच्या दारात येऊन पडली. तिचा तळ फुटला होता आणि मागे तीन पात्यांचा पितळी पंखा होता. किनाऱ्यावरच्या सुतारांना फुरसत नाही आणि जबलपूरला सुतार आहेत, एवढ्या आधारावर आरमारातल्या कुणीतरी ती दुरुस्तीला धाडली होती. मधे सहाशे मैल जमीन आहे ही बाब त्या कागदावर कुणी विचारलेली नव्हती.

सुतारांनी नऊ दिवसांत तळ ठाकठीक केला. मात्र नाव परत न्यायचा हुकूम काही आला नाही. आला तो एक तक्ता, ‘नावेचा तळ व पंखा यांवरील वाढीचा मासिक तक्ता’. शेवाळ किती, शिंपले किती, कवचाचे चिकट किडे किती, पंख्याच्या दर पात्याला किती, पैकी खरवडले किती आणि उरले किती. आता तक्ता भरायचा म्हणजे विभाग हवा, आणि विभाग म्हटला की माणूस हवा. नावेला आवारात जागा नव्हती. (नोंदवहीत ‘खोकी’ आणि ‘खोक्यांखेरीज इतर’ असे दोनच रकाने होते आणि दुसरा भरलेला होता.) म्हणून ती फाटकाबाहेर, पाटणच्या रस्त्याला, कडुनिंबाखाली टेकू लावून उभी केली.

बड्या साहेबांनी ‘ग्रोथ प्रिव्हेन्शन सेक्शन’ ही पाटी हिंदीत करून नावेवर लावायला सांगितली. नीलकंठरावांची घरची भाषा मराठी, कचेरीची इंग्रजी आणि रस्त्याची हिंदी. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथं तर घरं तीन. ग्रोथ म्हणजे वाढ आणि वाढ म्हणजे बढ़ोतरी, असं त्यांनी शब्दकोश न उघडताच ठरवलं. पाटी तीन ओळींची झाली. वर ‘बढ़ोतरी’, मधे ‘रोक’, खाली ‘विभाग’. पहिल्या ओळीखाली एक खिळा ठोकला होता, कंदिलासाठी. कंदील मंजूर झाला नाही.

पुस्तिकेप्रमाणे तळाला विषारी रंग द्यायचा होता. पण विषारी रंगासाठी नाव पाण्यात असल्याचा दाखला लागे. तेव्हा भांडारात लोखंडाला लावायला म्हणून जी लाल शिशाची भुकटी होती, ती अळशीच्या तेलात कालवून दोन हात मारले. (बाजारात हिलाच शेंदूर म्हणतात. भांडारात तसं म्हणायला मनाई होती, कारण शेंदूर नावाची वस्तू यादीत नव्हती.) पंखा नीलकंठरावांनी घरची चिंच आणून स्वतः लख्ख घासला.

निकाल थक्क करणारा लागला. मे, निरंक. जून, निरंक. भर पावसाळ्यात, किनाऱ्यावरच्या चौदा नावांवर महिन्याला चाळीस घमेली वाढ निघत असताना, जबलपूर निरंक. हा शब्द नीलकंठरावांच्या इतका अंगवळणी पडला की एकदा रात्री बायकोनं, सुनेत्रानं, पळी हातात धरून “वाढू का?” विचारलं, तर ते “निरंक” म्हणून गेले. तिनं पातेलं झाकून ठेवलं. नंतर ते घरात जपून बोलू लागले.

ऑक्टोबरात मुख्य कचेरीनं विचारलं, ही किमया कोणत्या पद्धतीनं साधता? नीलकंठरावांनी सरळ लिहून टाकलं, ‘नाव पाण्यात नाही.’ उत्तर शेऱ्यासह परत आलं. ‘पाणी हा रकाना विहित नमुन्यात नाही. सबब उत्तर ग्राह्य नाही.’ पाठोपाठ दुसरा कागद आला. श्री. पांढरीपांडे हे वाढ-प्रतिबंधातले तज्ज्ञ असून त्यांनी लढाई संपेपर्यंत किनाऱ्यावर राहून चौदाही नावांना आपली पद्धत शिकवावी. एक तारखेला हजर व्हावं. तत्पूर्वी आरमाराचे तपासनीस जबलपूरला येऊन पद्धत पाहून जातील.

नीलकंठरावांच्या पायाखालची वाळू सरकली. सुनेत्राला सातवा महिना होता. तिची आई नव्हती, सासू नव्हती. शेजारच्या सत्यवतीबाई तेवढ्या होत्या, पण त्यांना रक्त पाहिलं की भोवळ येई. नीलकंठरावांनी रजेचा अर्ज केला. त्यावर शेरा पडला, ‘अर्जदाराचे घरी वाढ होऊ घातली आहे. हे विभागाच्या उद्दिष्टाशी विसंगत आहे. नामंजूर.’ नीलकंठरावांना बाँबची भीती नव्हती, समुद्राची तर नव्हतीच, कारण तो त्यांनी पाहिलेला नव्हता. भीती एकच होती. ही इथं कळा देत असेल आणि आपण तिथं शिंपले मोजत असू. या विचारानं त्यांना चार दिवस जेवण गेलं नाही.

“काहून जी, तुम्हालाच काहून धाडून राहिले?” सुनेत्रानं विचारलं.

“नावेला काही लागून नाही राहिलं म्हणून.”

“मंग लागू द्या ना.”

“अगं, शिंपले कुठून आणू मी? नर्मदेच्या ग्वारीघाटावरून?”

सुनेत्रा थोडा वेळ मेथी निवडत राहिली. “तक्त्यात लिहिलं आहे का, वाढ समुद्राचीच पाहिजे म्हणून?”

नीलकंठरावांनी तक्ता काढला. सहा महिने भरत होते, पण शेवटचा रकाना त्यांनी कधी वाचला नव्हता. “इथं ‘इतर’ असं आहे.”

“चलो, झालं मंग,” सुनेत्रा म्हणाली आणि मेथी धुवायला उठली.

मंगळवारी सकाळी ती झेंडूचा हार, नारळ आणि तेलाची वाटी घेऊन नावेपाशी गेली. हार तिनं पाटीच्या खिळ्याला अडकवला. तो नेमका ‘रोक’ या शब्दावर कसा आला, याबाबत पुढे चौकशी झाली. “खिळा तिथंच होता” असा जबाब तिनं दिला आणि तो खरा होता.

पाटणहून हरभरा घेऊन येणारा एक गाडीवान थांबला. शेंदरी अंग, मागे बेलाच्या पानासारखी तीन पितळी पाती, वर ‘बढ़ोतरी विभाग’ असं सरकारी अक्षरात, आणि समोर हात जोडून उभी असलेली सात महिन्यांची गरोदर बाई. यापेक्षा जास्त पुरावा तर कोर्टसुद्धा मागत नाही.

“दीदी, यहाँ बढ़ोतरी होती है?”

“मेरी तो हो रही है, भैया,” सुनेत्रा म्हणाली.

एवढ्यावर भागलं. शनिवारपर्यंत गाडीवानांची रांग लागली. सोमवारपर्यंत कारखान्यातलेच कामगार आले, कारण बढ़ोतरी म्हणजे पगाराची असते हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. नीलकंठरावांनी तक्ता इमानेइतबारे भरला. इतर वाढ: पहिला आठवडा पाव इंच, दुसरा पाऊण इंच. मंगळवारी जोरात, एकादशीला मंद. घटक: शेंदूर, तेल, तांदूळ, खोबरं आणि झेंडू. पंख्याला नवसाचे लाल दोरे एकशे बेचाळीस, सबब पंखा फिरत नाही.

महिनाअखेर तपासनीस आले. तळाला चाकू लावला तर पातं अडीच इंच आत गेलं. “हे खरवडत का नाही?” त्यांनी बड्या साहेबांना विचारलं. साहेबांनी मागे बोट केलं. सकाळच्या पाळीचे दोनशे कामगार नारळ घेऊन उभे होते. तपासनीसांनी चाकू मिटला. (त्यांनी बूट काढले की नाही, याबद्दल अहवाल मौन पाळतो.)

अहवालाचा निष्कर्ष असा: जबलपूर येथे पाण्याशिवाय होणारी वाढ ही समुद्रातील वाढीच्या अडीच पट असून जात अज्ञात आहे. श्री. पांढरीपांडे यांना तज्ज्ञ म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यांची बदली रद्द. मात्र प्रादुर्भाव गंभीर असल्याने विभागात आणखी अकरा माणसं नेमावीत. नेमली गेली. खरवडणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं, त्यामुळे सगळे मोजत.

मुलगी डिसेंबरात झाली. दाराबाहेर उभ्या असलेल्या नीलकंठरावांनी तिचं पहिलं रडणं ऐकलं आणि ते स्वतः तिच्याहून मोठ्यानं रडले. नाव नर्मदा ठेवलं.

पुढच्या मंगळवारी ते नारळ घेऊन नावेपाशी गेले. लाल शिशाचे दोन्ही डबे त्यांच्याच सहीनं सुटले होते. पाटीचा शब्द त्यांचा, चिंच त्यांच्या घरची. हे सगळं ठाऊक असलेला त्या रस्त्यावरचा तो एकमेव माणूस होता. त्यांनी नारळ फोडला आणि डोळे मिटून हात जोडले. उघडून पाहतात तो हार सुकून बाजूला झालेला आणि ‘रोक’ दिसत असलेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो सारखा केला.

तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. कधी जबलपूरला गेलात तर तुम्ही तिथं थांबाल तेही फक्त पाटी वाचायला. शेंदराखाली नाव आहे हे आता दिसत नाही. तुमच्या कचेरीत पुढच्या महिन्यात बढतीची यादी लागायची असेल, हा निव्वळ योगायोग. हार मात्र हमखास सरकलेला असेल. तो सारखा करताना इकडेतिकडे बघू नका, तिथं सगळेच तसं करतात.