देविदासकाकांचा अद्रकाचा काढा

आमच्या गल्लीत कोणी शिंकलं, की त्याने रुमाल काढायच्या आत देविदासकाकांनी खिशातून अद्रक काढलेलं असतं.

काका रिटायर्ड बस कंडक्टर. गाडीत कुणाचं तोंड उतरलं, की तिकिटाबरोबर अद्रकाचा काप द्यायचे. "चघळ. खिडकी घाण न्हाई होणार." उलटी खरंच थांबायची, त्या कापावर मी स्वतः वसमतपासून कनेरगावपर्यंत तग धरलाय. पण काकांचं अद्रक सर्दीला, गुडघ्याला, बारावीलाही चालायचं. "पोरी, गणित डोक्यात काहून जात न्हाई? रक्त घट्ट हाय तुझं."

मध्यंतरी काकांच्या बायकोची, शांताकाकूंची, हृदयाची झडप बदलली. घरी आणल्यावर काकांनी मला बोलावलं. "तू इंग्रजी शाळेतली. पाकिटं वाच."

एक गोळी रक्त पातळ ठेवणारी निघाली.

"बराबर," काका खूश झाले. "म्या बी तीन टाइम काढा देऊन राहिलो. एका गाडीला दोन बैल."

काकूंच्या दंडावर काळेनिळे डाग होते.

"पडलात का?" मी विचारलं.

"न्हाई बाई. दात घासले तरी रक्त येतंय."

काकांसमोर मी "हो" आणि "बरं" एवढंच बोलत आले होते. आता पाकीट खाली ठेवलं. "काका, काढा बंद करा."

"काहून? घरचं हाय. त्याची कसली तकलीफ?"

"घरचं म्हणूनच डॉक्टरांना कोणी सांगितलं नाही."

फोन मीच लावला. डॉक्टर म्हणाले, जेवणातलं थोडं अद्रक चालेल, काढा आजपासून बंद. गोळी मनाने थांबवू नका, आणि आत्ताच तपासणीला आणा.

वेळेत नेलं. गोळीचं प्रमाण बदललं, हळूहळू डाग फिके झाले. काका अजून अद्रक वाटतात, पण आधी तिकीट मागितल्यासारखं विचारतात, "रक्ताची गोळी चालू हाय का?" असेल, तर काप परत खिशात.

काल मी त्यांच्याकडे गेले, तर काका रिकामं पातेलं घेऊन उभे होते. "जिंदगी गाडीतच गेली, पोरी. हिच्यासाठी येत हुतं ते एवढंच. आता म्या काय करू?"

काकूंनी तेलाची बाटली त्यांच्यापुढे सरकवली आणि पाठमोऱ्या बसल्या.

"हळू चोळा," त्या म्हणाल्या. "डोकं हाय, टायर न्हाई."