उंदरांची आढावा बैठक

प्रयोगशाळेतले उंदीर खुशीत असल्याचे निदर्शनास आल्याने संचालकांनी तातडीची बैठक बोलावली.

नैराश्यावरच्या गोळीने मेंदूतली सेरोटोनिन या मन खुलवणाऱ्या रसायनाशी संबंधित जनुकं जागी होतात का, हे तपासायचं होतं. त्यासाठी आधी उंदीर खिन्न हवेत. संशोधिकाबाईंनी नियमानुसार पिंजरे तिरपे केले, भुसा ओला केला, दिवे अवेळी लावले. उंदीर तिरप्या पिंजऱ्यात घसरगुंडी खेळू लागले.

"बाई, तुमची नेमणूक या प्रयोगापुरती आहे," संचालक म्हणाले. "उंदीर खचले नाहीत, तर तुम्ही घरी."

"मी तरी काय करू, सर? मेले ऐकतच नाहीत."

पुरावा म्हणून आणलेले पिंजरे बैठकीच्या खोलीतच राहिले. तिथे रोज आढावा व्हायचा, मग त्या आढाव्याचा आढावा. आठवडा उलटायच्या आत उंदरांनी साखरपाण्याकडे पाठ फिरवली. शास्त्रात हेच नैराश्याचं लक्षण! बाईंचा जीव भांड्यात पडला.

निम्म्यांना गोळी सुरू झाली, निम्म्यांना नुसतं पाणी. पाणीवाल्यांचा एक पिंजरा टेबलावर मावेना, तो बाईंनी जिन्याखाली नेऊन ठेवला. तपासणीला मेंदूच काढावा लागत असल्याने उंदरांचा आनंद मरणोत्तर जाहीर व्हायचा, एखाद्या मानपत्रासारखा. गोळीवाल्यांची जनुकं जागी निघाली, खोलीतल्या पाणीवाल्यांची गाढ झोपलेली. जिन्याखालच्यांची मात्र गोळीशिवायच टक्क जागी!

"सर, खोलीतून बाहेर काढलं तरी गुण येतोय."

"अहो, औषधाच्या दुकानात जिना मिळतो का?"

जिन्याखालचा पिंजरा 'स्थानदोषामुळे' अहवालातून वगळण्यात आला. बाईंनी मुकाट्याने सही केली. नोकरी पक्की झाली, आणि बक्षीस म्हणून बैठकीत कायमची खुर्ची मिळाली.

महिना झाला असेल-नसेल, लेक म्हणाली, "आई, तुझ्या वाढदिवसाचा केक, आणि तू बोटसुद्धा लावलं नाहीस?"

बाई चरकल्या. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी तीच गोळी लिहून दिली.

"गोळी चांगली आहे, मीच सिद्ध केलीय," बाई म्हणाल्या. "पण डॉक्टर, रोज थोडा वेळ जिन्याखाली बसले तर?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांचीही बैठक होती. खिशातून त्याच गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी एक गोळी तोंडात टाकली.

तुम्ही हे बैठकीत टेबलाखाली धरून वाचत असाल, तर समोरच्या बशीतलं बिस्कीट खावंसं वाटतंय का, तेवढं पाहून घ्या.